मराठी अभिनेत्रीच्या कारकिर्दीतील मधल्या वर्षांविषयी खुले पत्र

प्रति,
अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, तसेच मराठी नाटक, चित्रपट आणि मालिकांचे निर्माते व वाहिन्यांचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

१९३९ साली शांता आपटे पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या दाराशी उपोषणाला बसल्या. 'कुंकू' प्रदर्शित होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि त्या लोकप्रियतेच्या ऐन भरात होत्या. भांडण कराराचे आणि पैशांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले आणि चित्रपटात येऊ पाहणाऱ्या मुलींसमोर या धंद्याचा व्यवहार उघड मांडला. ऐंशीहून अधिक वर्षे लोटल्यावर माझ्या वर्गातील मुली मला जे विचारतात, त्यात अभिनयाइतकेच करारातील अटींचे आणि पैशांचे प्रश्न असतात. त्या अटी ज्यांच्या हातात आहेत, त्या आपल्याला म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

मी पूर्वी व्यावसायिक नाटकांत कामे करीत असे आणि आता अभिनय शिकवते. कोणा एका संस्थेविषयी किंवा व्यक्तीविषयी तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. मला बोलायचे आहे ते मराठी अभिनेत्रीच्या कारकिर्दीतील मधल्या वर्षांविषयी, म्हणजे साधारण तिशीपासून पन्नाशीपर्यंतच्या काळाविषयी. तिची सुरुवात आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. महाविद्यालयाची एकांकिका, पुरुषोत्तम करंडक किंवा सवाई यांसारखी एकांकिका स्पर्धा, तिथे कोणाच्या तरी नजरेत भरणे, मग एखादे प्रायोगिक नाटक, मालिकेतील छोटी भूमिका आणि पुढे जमल्यास नायिका. शेवटही ओळखीचा आहे. ज्या टिकतात, त्यांचा उतारवयात सत्कार होतो, फैयाज आणि कीर्ती शिलेदार यांच्यासारख्यांना नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद मिळते. या दोन टोकांच्या मधली वाट मात्र अनेकींच्या पायांखालून नाहीशी होते, आणि ती नाहीशी झाल्याची नोंद कुठेही होत नाही, कारण थांबलेल्या अभिनेत्रीविषयी 'संसारात रमली' असे म्हणून आपण मोकळे होतो.

ही वाट मुळात उघडली तीच उशिरा आणि कष्टाने. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून पुढे कित्येक दशके आपल्या रंगभूमीवरील नामांकित स्त्रिया पुरुषच होते. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मधील तारामती अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, पण प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या घरांचे दार त्यामुळे लगेच उघडले नाही. तीच हरिश्चंद्राची कथा १९३२ साली 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आली, तेव्हा तारामती दुर्गा खोटे होत्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले आणि ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या अभिनेत्री स्त्रीभूमिकेत दिसल्या. तिथून पुढे मराठी रंगभूमीवर स्त्रीने स्त्रीची भूमिका करणे हळूहळू रूढ झाले. एवढ्या झगड्यानंतर आत आलेल्या स्त्रीला आत टिकून राहता येईल अशी व्यवस्था उभी करणे हे त्यापुढचे काम होते, आणि संस्था म्हणून ते आपण फारसे केलेले नाही.

ज्या अभिनेत्रींचा प्रवास लांबचा झाला, त्यांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांपैकी पुष्कळ जणींपाशी नाटकाबाहेरचा पगार तरी होता किंवा स्वतः उभी केलेली संस्था तरी होती. सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधील बेणारेबाई त्यांनी अजरामर केली ती शाळेतील नोकरी सांभाळणाऱ्या बाईने, आणि पुढे ज्या छबिलदासच्या सभागृहाने प्रायोगिक रंगभूमीला घर दिले, ते त्यांच्याच शाळेचे होते. रीमा लागू बँकेत नोकरी करीत करीत नाटके करीत होत्या. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांचा चेहरा महाराष्ट्राने मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांमध्येही पाहिला होता. दुसरीकडे विजया मेहता यांनी १९६० मध्ये सहकाऱ्यांसह 'रंगायन' उभे केले, सुलभाताईंनी १९७१ मध्ये अरविंद देशपांडे यांच्यासह 'आविष्कार' सुरू केले आणि दुर्गाबाई खोटे पुढे निर्मात्या झाल्या. 'वागळे की दुनिया' ही दूरदर्शनची मालिका त्यांच्याच संस्थेची होती. अलीकडच्या काळात मुक्ता बर्वे यांनी 'छापा काटा' आणि 'कोडमंत्र'सारखी नाटके स्वतः निर्माण केली. आपल्या वयाला आणि कुवतीला साजेशी भूमिका कोणी लिहून आणील, याची वाट पाहत बसणे त्यांना परवडणारे नव्हते, असा मी त्याचा अर्थ लावते.

या साऱ्या जणींची प्रतिभा निर्विवाद आहे. परंतु प्रतिभेला मधल्या वर्षांत जो टेकू लागतो, तो त्यांना नाट्यव्यवसायाने दिला नव्हता. तो शाळेने दिला, बँकेने दिला, आकाशवाणी-दूरदर्शनने दिला किंवा त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला. बँकांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या आंतर-संस्था नाट्यस्पर्धा असत, कलावंत कर्मचाऱ्याला तालमीसाठी सवलत मिळे, संध्याकाळी सहानंतर माणूस मोकळा असे. आज कार्यालये संध्याकाळी सहाला सुटत नाहीत, तशी नोकरीही सहजी मिळत नाही, आणि जिला अभिनयावरच घर चालवायचे आहे तिच्यापुढे मालिका हाच एक नियमित उत्पन्नाचा मार्ग उरतो.

मालिकेविषयी माझ्या मनात तुच्छता नाही. दैनंदिन मालिकांनी शेकडो कलावंतांच्या घरी चूल पेटती ठेवली आहे, आणि एका रात्रीत तीन प्रसंगांचे संवाद पाठ करून सकाळी कॅमेऱ्यापुढे उभे राहणे ही सोपी विद्या नव्हे. पण तिच्या कामाची रीत पाहा. दिवसाला बारा-तेरा तासांची शिफ्ट, त्यावर गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर परिसरात जाण्यायेण्याचा वेळ. मोबदला दिवसावर ठरतो आणि बहुधा तीन महिन्यांनी हाती येतो. महिन्यातील किती दिवस बोलावणे येईल, हे कथेच्या 'ट्रॅक'वर अवलंबून असते आणि तो ट्रॅक आठवड्याच्या टीआरपीवर. चित्रीकरणाच्या तारखा आदल्या दिवशी कळणार असतील, तर ती अभिनेत्री नाटकाच्या तालमीला शब्द कसा देणार? म्हणून नाटक शनिवार-रविवारपुरते उरते, आणि तेही मालिकेच्या निर्मात्याने सुटी दिली तर. नाटकाचे निर्माते तारखा मिळत नाहीत म्हणून हैराण असतात हे मला ठाऊक आहे. पण नाटक आणि मालिका यांचे निर्माते एकत्र बसून महिन्याच्या सुरुवातीला तारखा ठरवून देण्याची पद्धत का पाडू शकत नाहीत, हे मला अजून उमगलेले नाही. त्यासाठी पैसा लागत नाही. थोडी शिस्त लागते.

आता वयाविषयी. रीमा लागू 'मैने प्यार किया'मध्ये सलमान खानची आई झाल्या तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या, आणि पुढे 'वास्तव'मध्ये ज्याची आई झाल्या तो संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान. रोहिणी हट्टंगडी यांनी १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आईची भूमिका केली, आणि बच्चन त्यांच्यापेक्षा आठ वर्षांहून अधिक मोठे. ही हिंदीतील उदाहरणे आहेत, पण या दोन्ही अभिनेत्री मराठी आणि दोघींचेही बळ रंगभूमीवर कमावलेले. हिंदीने त्यांना आई केले, याचा आपण थोडा अभिमान आणि थोडी हळहळ व्यक्त केली, आणि मग आपल्या मालिकांमध्ये तेच केले. पस्तिशीच्या अभिनेत्रीला पंचविशीच्या नायकाची आई म्हणून विचारणा होते. तिने नकार दिला तर पुढचा फोन यायला महिने लागतात, आणि होकार दिला तर नायिकेची दारे तिला कायमची बंद होतात. तिच्याबरोबर एकांकिकेत काम केलेला मित्र मात्र त्याच वयात नायक म्हणून दुसरी मालिका करत असतो.

प्रेक्षकांना तरुण चेहराच हवा असतो, हे यावरचे ठरलेले उत्तर आहे. मी ते मान्य करीत नाही, आणि माझ्या बाजूने तुमच्याच तिकीटखिडकीचा हिशेब आहे. 'चारचौघी' हे प्रशांत दळवी यांचे नाटक १९९१ साली आले. एक आई आणि तिच्या तीन मुली, या चार स्त्रियांच्या निर्णयांवर ते उभे आहे, आणि त्यातील टेलिफोनवरच्या दीर्घ प्रवेशात वंदना गुप्ते यांनी काय केले होते, हे ज्यांनी पाहिले ते विसरणे शक्य नाही. २०२२ साली ते पुन्हा रंगमंचावर आले, यावेळी रोहिणी हट्टंगडी आणि मुक्ता बर्वे यांच्यासह, आणि तीन दशकांनंतरही प्रेक्षकांनी त्याला गर्दी केली. पुढच्याच वर्षी 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, त्यांपैकी बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या, काही तर आजी झालेल्या, आणि तो मराठीतील सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांपैकी एक ठरला. गावोगावच्या बायका गटाने चित्रपटगृहात गेल्या, एका रंगाच्या साड्या नेसून गेल्या. आपल्या दुपारच्या खेळांचा आणि रविवारच्या प्रयोगांचा प्रेक्षक मोठ्या प्रमाणात हाच आहे, चाळिशी-पन्नाशीच्या बायका. त्यांना पडद्यावर स्वतःच्या वयाची बाई मध्यभागी पाहायची आहे आणि त्यासाठी त्या तिकिटाचे पैसे मोजायला तयार आहेत. हे एकदा नव्हे तर अनेकदा सिद्ध झाले आहे. तरीही असे प्रत्येक यश अपवाद म्हणून बाजूला ठेवले जाते.

मधल्या वर्षांतील गळतीचे दुसरे मोठे कारण बाळंतपण आहे, आणि त्याविषयी आपल्या व्यवसायात संकोचाने बोलले जाते. मातृत्व लाभाचा मूळ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण तो लाभ आस्थापनेतील कर्मचारी स्त्रीला मिळतो. आपली अभिनेत्री नाटकात 'नाइट'वर, म्हणजे प्रयोगामागे ठरलेल्या पैशांवर, आणि मालिकेत दिवसावर काम करते, त्यामुळे तिच्या वाट्याला तो सहसा येत नाही. गरोदर असल्याचे ती शक्य तितके लपवते, कारण ते कळताच तिच्या जागी रिप्लेसमेंट शोधली जाईल याची तिला खात्री असते. रिप्लेसमेंट करणे गैर नाही, प्रयोग थांबता कामा नये हे नाटकवाल्याला सांगावे लागत नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. बाळ सहा-आठ महिन्यांचे झाल्यावर, नाटक चालू असेल तर, तिने उभी केलेली भूमिका तिला परत का मिळू नये? तालमीत महिनाभर घासून तिने ती घडवलेली असते, पहिल्या प्रयोगापासूनच्या प्रत्येक जाहिरातीत तिचे नाव असते. करारात एका वाक्याची भर घालून हे साधता येईल. ज्यांचा करारच तोंडी असतो, त्यांच्याबाबतीत आधी लेखी करार करावा लागेल, आणि व्यावसायिक नाटकात आजही असे पुष्कळ जण आहेत.

बाळ घेऊन दौऱ्यावर जाणारीची स्थिती मी जवळून पाहिली आहे. नाट्यगृहाच्या रंगपटात, म्हणजे कलावंतांच्या तयार होण्याच्या खोलीत, कडी नसलेले स्वच्छतागृह, पाणी आले तर आले, भिंतीला ओल, आणि बाळाला निजवायला कपड्यांच्या पेट्यांमधली जागा. नाट्यगृहे बहुतेक महानगरपालिकांची आणि नगरपालिकांची आहेत, त्यामुळे निर्माते पालिकेकडे बोट दाखवतात आणि पालिका निधीकडे. कलावंतांनी समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकली की चार दिवस साफसफाई होते. नाट्य परिषदेच्या शाखा गावोगाव आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या नाट्यगृहाचा रंगपट वर्षातून दोनदा पाहावा, महिला कलावंतांच्या स्वच्छतागृहाची स्थिती लेखी नोंदवावी आणि ती नोंद परिषदेने प्रसिद्ध करावी. वाईट शेरा छापून येतो म्हटल्यावर पालिका हलतात, असा माझा अनुभव आहे.

प्रयोग संपल्यावर रात्रीच परतीचा प्रवास करण्याची रूढीही आता थांबायला हवी. 'ती फुलराणी'ची मंजुळा झालेल्या भक्ती बर्वे फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच मार्गाने आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांना आपल्यातून नेले. प्रत्येक वेळी शोकसभा झाल्या आणि प्रत्येक वेळी बस पुन्हा मध्यरात्री निघाली, कारण मुक्कामाचा खर्च वाचतो आणि सकाळी मालिकेच्या सेटवर हजर राहायचे असते. लहान मूल घरी असलेल्या बाईला तर मुक्काम नकोच असतो, ती स्वतःहून रात्रीचा प्रवास पत्करते. तिच्यावर तशी वेळ येऊ नये, इतके सैल वेळापत्रक आखणे नाटक आणि मालिका या दोन्ही बाजूंच्या निर्मात्यांच्या हातात आहे.

दौऱ्याच्या बसवरून आणखी एक मुद्दा आठवतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा कामाच्या ठिकाणाची व्याख्या करताना मालकाने पुरवलेल्या वाहनाचाही त्यात समावेश करतो. म्हणजे दौऱ्याची बस, सेटवर नेणारी गाडी, बाह्यचित्रीकरणाचे हॉटेल, हे सारे कामाचे ठिकाण आहे. कंत्राटी आणि तात्पुरत्या कामगारालाही या कायद्याचे संरक्षण आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. माझ्या विद्यार्थिनींना हे ठाऊक नसते. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळ निर्मात्यांनाही ठाऊक नसते. केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर झालेल्या अत्याचारानंतर तिथल्या चित्रपटक्षेत्रातील स्त्रिया संघटित झाल्या, सरकारने न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली, २०१९ अखेरीस तिचा अहवाल सादर झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये काही भाग वगळून तो लोकांसमोर आला. छळाच्या प्रकरणांबरोबरच त्या अहवालात सेटवर स्वच्छतागृह नसणे, कपडे बदलायला जागा नसणे, लेखी करार नसणे, अशा रोजच्या गोष्टी होत्या. महाराष्ट्रात असा अभ्यास झाला पाहिजे, आणि तो एखादी भीषण घटना घडण्याची वाट न पाहता. समिती, वाद आणि राजीनामे यांच्या आधी साधी माहिती गोळा करता येते. दहा वर्षांपूर्वी नायिका असलेल्या अभिनेत्री आज काय करतात, किती जणींनी काम सोडले, का सोडले, त्यांना परत यायचे आहे का, एवढे प्रश्न परिषदेने आणि महामंडळाने आपल्या सभासद स्त्रियांना विचारले तरी चित्र उभे राहील.

इथवर मी मुंबई-पुण्याच्या अभिनेत्रीविषयीच बोलले, आणि मराठी रंगभूमी तेवढीच असल्यासारखे बोलणे हा आपला जुना दोष आहे. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत धान घरात आल्यावर, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. वडसा हे तिचे केंद्र, तिथे नाटक कंपन्यांच्या कार्यालयांची रांग लागलेली असते. शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या निमित्ताने गावोगाव नाटक लागते, रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. तिथली अभिनेत्री हंगामात जवळजवळ रोज नव्या गावी रात्रभर उभी असते, गाणेही म्हणते, आणि उरलेल्या महिन्यांत तिचे उत्पन्न थांबते. तिला वाहिनी नाही, मानांकन नाही, आणि वय वाढल्यावर तिला घेणारी कंपनी नाही. आपल्या करारांचा, विम्याचा, समित्यांचा विचार होईल तेव्हा तिला त्यात जागा असली पाहिजे, आणि तमाशातील कलावतींनाही.

तमाशाचे नाव निघाले की विठाबाई नारायणगावकर आठवतात. गरोदर असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असतानाच मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत आपण धैर्याची कथा म्हणून सांगतो. मला ती ऐकताना राग येतो. एका बाईला तसे करावे लागले, याची लाज त्या कथेत कुठेच नसते. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीची अखेरची वर्षे आर्थिक ओढग्रस्तीत गेली, २००२ साली त्या गेल्या, आणि त्यानंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार असावा. पण त्यांच्या हयातीत जे मिळायला हवे होते, ते आज फडावर उभ्या असलेल्या बाईला मिळते का, हे त्या पुरस्काराच्या सोहळ्यात कोणी विचारत नाही. वृद्ध कलावंतांसाठीचे राज्याचे मानधन २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये झाले, ही वाढ स्वागतार्ह आहे, पण ती वाट संपल्यानंतरची सोय आहे. वाट चालू असतानाची सोय अजून कोणाच्याच यादीत नाही.

ती करण्याचे साधन आपल्यापाशी आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून लाखो रुपयांचे अनुदान देते, नव्या नाटकांनाही अनुदान मिळते, आणि या योजनांच्या आखणीत आपल्या संस्थांचा शब्द ऐकला जातो. अनुदानाला अटी आजही असतातच. त्यात आणखी तीन अटी जोडण्याची मागणी आपण सांस्कृतिक कार्य विभागाकडे करावी : प्रत्येक कलावंताशी लेखी करार, त्या करारात बाळंतपणानंतर भूमिका परत मिळण्याचा हक्क, आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक तालमीच्या जागी आणि सेटवर लावलेले असणे. ज्यांना लोकांच्या पैशातून मदत हवी आहे त्यांनी एवढे करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. मालिकांना अनुदान नसते, पण वाहिनी निर्मात्याशी जो करार करते त्यात तिला हवी ती अट घालता येते. चित्रीकरणाचा दर्जा, भागांची संख्या, प्रसारणाची वेळ यांविषयी वाहिन्या किती काटेकोर असतात, हे सर्वांना माहीत आहे. मोबदला तीस दिवसांत देणे आणि तारखा किमान आठवडाभर आधी कळवणे या दोन अटी त्यांनी त्याच काटेकोरपणे घातल्या, तर कितीतरी जणींना नाटक सोडावे लागणार नाही.

बाळंतपणाच्या आणि आजारपणाच्या काळासाठी एक निधी उभा करावा, असे माझे मत आहे. तिकिटामागे एक रुपया प्रेक्षकाला जड नाही, आणि तो आपल्या कलावतींसाठी आहे असे तिकिटावर छापले तर माझी खात्री आहे की मराठी प्रेक्षक तो आनंदाने देईल. त्याचा हिशेब मात्र दरवर्षी जाहीर झाला पाहिजे, नाहीतर पहिल्या दोन वर्षांतच त्यावरचा विश्वास उडेल.

माझ्या वर्गातील मुली हुशार आहेत. त्यांच्यापैकी कोणी अकोल्याची, कोणी सावंतवाडीची, घरच्यांशी भांडून आलेली. छाया कदम यांच्यासारखी अभिनेत्री मराठी चित्रपटातून पुढे येऊन, 'फँड्री', 'सैराट', 'न्यूड' करीत, मध्यमवयात कान महोत्सवात पुरस्कार मिळवणाऱ्या चित्रपटात दिसते, तेव्हा या मुलींना आपलाही पुढचा रस्ता दिसू लागतो. गीतांजली कुलकर्णी, अमृता सुभाष, उषा जाधव यांची नावे त्या एकमेकींना सांगत असतात. मी त्यांना आवाज लावायला शिकवते, जागा घ्यायला शिकवते, वाक्यातील विराम शिकवते. पण 'मॅडम, मूल झाल्यावर काय होतं?' या प्रश्नाला द्यायला माझ्यापाशी उत्तर नाही. ते आपल्यापाशी आहे.

नाट्य परिषदेच्या नियामक मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'कलावतींचा लेखी करार आणि भूमिकेवर परतण्याचा हक्क' हा विषय घ्यावा, महामंडळाने आणि निर्मात्यांच्या संघटनांनी त्या बैठकीला आपले प्रतिनिधी पाठवावेत आणि झाडीपट्टी व तमाशा क्षेत्रातील किमान दोन कलावतींना निमंत्रण द्यावे, अशी माझी विनंती आहे. कराराचा मराठी मसुदा तयार करण्याच्या कामात मी आणि माझ्या काही सहकारी वकील मैत्रिणी विनामूल्य मदत करायला तयार आहोत. बैठकीची तारीख कळवावी.

आपली विश्वासू,
अभिनयाची एक शिक्षिका